एकत्र कुटुंबाचा कान

नवऱ्याला जाऊन आठवडाही झाला नव्हता. हॉलमध्ये सतरंजीवर दुखवट्याच्या बायका बसलेल्या, आणि माझ्या डोक्यात एक बाई बोलायला लागली.

“नमस्कार, राजमती शेडबाळे. खातेदार श्री. जिनेंद्र शेडबाळे यांच्या निधनानंतर नादवेध परिवार आपल्या दुःखात सहभागी आहे. खातेदाराच्या मृत्यूमुळे आपली सदस्यसेवा महिनाअखेरीस बंद होईल. एकेक सुविधा टप्प्याटप्प्यानं काढून घेतली जाईल. तोपर्यंत ऐकण्याचा आनंद घेत राहा.”

“आनंद घे म्हणतेय भवानी!” मी म्हणाले.

समोर मगदूमकाकू डोळे पुसत होत्या. त्यांना वाटलं, मी त्यांनाच म्हटलं. त्यांचा पदर तोंडाशी तसाच राहिला. आता मी कुणाकुणाला सांगत बसू, की बाई फक्त मला ऐकू येते?

मी बहिरी आहे. ठार बहिरी. चाळिशीला मला क्षय झाला, साध्या गोळ्यांना दाद न देणारा. डॉक्टरांनी इंजेक्शनं देऊन जीव वाचवला, त्यात कान गेले. त्यांनी आधी सांगितलं होतं तसं होऊ शकेल म्हणून. जगायचं की ऐकायचं, असा प्रश्न असेल तर माणूस काय म्हणणार?

कानाच्या आत खोलवर शंखासारखी पोकळी असते. तिच्यात केसाळ पेशी असतात. आवाज आला की त्या हलतात आणि मागच्या नसेला वर्दी देतात. माझ्या पेशी औषधानं मेल्या, नस मात्र शाबूत राहिली. चार वर्षांनी नवीन तंत्र आलं. एका शेवाळात असं प्रथिन असतं, की त्याच्यावर उजेड पडला की ते जागं होतं. ते प्रथिन बनवणारं जनुक डॉक्टरांनी माझ्या कानाच्या नसेत सोडलं आणि शंखात केसाएवढी पट्टी सरकवली. पट्टीवर डोळ्यांना दिसणार नाहीत असे हजारो दिवे. दिवा लागला, की नसेला वाटतं आवाज आला.

पण कुठल्या आवाजाला कुठला दिवा लावायचा? ते ठरवतो नकाशा. नकाशा म्हणजे नादवेध कंपनीच्या संगणकात बसलेला प्रोग्रॅम. तो माझी नस शिकतो आणि माझा मेंदू त्याला शिकतो. सुरुवातीचे कित्येक महिने मला सगळं पत्र्यावर वाळू ओतल्यासारखं ऐकू यायचं. हे रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसून तीच तीच वाक्यं वाचायचे. तेव्हा आमचं एकत्र कुटुंब होतं; आम्ही दोघं, धाकटे दीर श्रेणिक, जाऊ पद्मजा आणि त्यांची लहानगी स्वरूपा. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत, आणि घर यार्डाच्या मागच्याच गल्लीत.

एके दिवशी दुपारी जेवताना वाळू थांबली आणि शब्द सुटे झाले. चार वर्षांत मला कळलेलं पहिलं वाक्य पद्मजाचं होतं. माझ्या ताटात भाकरी टाकत ती नवऱ्याला म्हणत होती, “हिच्याशी बोलण्यापेक्षा म्हैस बरी. हाक मारली तर मान तरी वळवते.”

मी ताट बाजूला सारलं आणि म्हणाले, “मग उद्यापासून म्हशीलाच वाढ.”

पद्मजाच्या हातातलं भाकरीचं टोपलं खाली पडलं. त्या महिन्यातच चूल वेगळी झाली, हॉलमधून भिंत उभी राहिली. अकरा वर्षं झाली. मी पलीकडे पाऊल टाकलं नाही आणि तिनं इकडे.

ह्यांनी माझे लाड केले, ते मात्र सांगायलाच हवं. कंपनी दरवर्षी नवीन पॅक काढायची आणि हे तो घेऊन यायचे. फोनचा पॅक, गर्दीचा पॅक, पाखरांचा पॅक. पहिल्याच वर्षी दूरचा पॅक आणला, तेव्हा तर मजाच झाली. यार्डात विनाचालक टेम्पो वळण घेताना पिपाणी वाजवतो, ती मला घरात ऐकू यायची. भिंत काय, नावालाच. पद्मजाकडे मीठ संपलेलं तिच्या नवऱ्याच्या आधी मला कळायचं. एकदा ती फोनवर आपल्या आईला सांगत होती, की थोरलीच्या हाताला चव नाही. मी परसातून उत्तर दिलं, “तुझ्या आमटीपेक्षा बरी!” हे हसून हसून बेजार झाले. त्यानंतर पलीकडे शांतताच. ना भांडण, ना हसणं. दिवसभर मिक्सर तेवढा फिरायचा. एवढं काय वाटतात कोण जाणे, असं मला वाटायचं.

बायका गेल्यावर मी कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी अगदी गोड बोलत होती.

“ताई, ते पॅक आपण विकत घेतलेले नाहीत. वापरायचा परवाना घेतलाय. परवाना खातेदाराच्या नावे, आणि खातेदार आता नाहीत.”

“मी त्यांची बायको आहे. त्यांचं जे आहे ते माझं.”

“वस्तू असती तर नक्कीच, ताई. परवाना वारसाकडे जात नाही.”

“आणि माझ्या डोक्यातली पट्टी?”

“पट्टी आपलीच आहे. तिच्यावर आमचा कसलाही दावा नाही.”

“काय उपकार!” मी म्हणाले. “मग माझ्या नावानं नवीन खातं काढा. आज काढा.”

“लगेच काढते. फक्त नकाशा नवा सुरू होईल. जुना खात्याबरोबर पुसला जातो, गोपनीयतेचा नियम आहे.”

“नवा म्हणजे? पुन्हा वाळू?”

“काही दिवस जुळवून घ्यावं लागेल, ताई. आपलं वय किती—”

आणि तिचा आवाज फुटला. खर्रर्र. वाळू. मी फोन दुसऱ्या कानाला लावला, पुन्हा पहिल्याला लावला. फोनचा पॅक त्यांनी तेवढ्यातच काढून घेतला होता. मी अंथरुणावर बसले आणि ह्यांच्या फोटोकडे बघून ओरडले, “एवढे पॅक आणलेत, एक कागद करायला काय झालं होतं?”

दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी गोलगोल सांगितलं नाही. म्हणाले, चव्वेचाळिसाव्या वर्षी मेंदूनं नकाशा शिकला, पंचावन्नाव्या वर्षी शिकेलच असं नाही. आवाज येईल. शब्द येतील की नाही, ते सांगता येणार नाही. चार वर्षं मी लोकांची तोंडं हलताना बघत काढली आहेत. सगळे आपल्याबद्दलच बोलतायत असं वाटतं आणि शेवटी माणूस भिंतीकडे तोंड करून बसतो. पुन्हा तिथं जायचं नाही, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. तेही आता एकटीनं!

आमचे आपटे म्हणजे करसल्लागार, ह्यांच्या वडलांच्या वेळेपासूनचे. ते घरी आले, चष्मा पुसत बसले आणि म्हणाले, “वहिनी, खातं जिनेंद्रच्या नावावर आहे असं कुणी सांगितलं?”

“कंपनी सांगते.”

“कंपनी सहीचा माणूस बघते. मी पॅन बघतो. हे खातं एचयूएफचं आहे. हिंदू अविभक्त कुटुंब, शेडबाळे. कर वाचवायला जिनेंद्रनं बरंच काही कुटुंबाच्या नावावर घेतलं. टेम्पो, वजनकाटा, गोडाऊनचे पंखे. आणि तुमचा कान.”

“माझा कान वजनकाट्याशेजारी?”

“तिथंच आहे, आणि बरं झालं तिथं आहे. माणूस मरतो, एकत्र कुटुंब मरत नाही. एक कर्ता गेला की दुसरा कर्ता होतो, कुटुंब तेच. मी कंपनीच्या कायदेवाल्यांशी बोललोय. त्यांना मान्य करावं लागलं. खातेदार मेलेलाच नाही.”

मी उठून त्यांच्या पाया पडणार होते. पण आपटे काही हसले नाहीत.

“पुढचं ऐका. नवा कर्ता श्रेणिक. त्यानं अर्ज करायला हवा, आणि घरातल्या सगळ्या सज्ञान माणसांची संमती हवी. म्हणजे पद्मजाचीही. सगळे एकाच पत्त्यावर राहायला हवेत. आणि कुटुंब अविभक्त हवं.” त्यांनी चष्मा चढवला. “वाटणीपत्र पुढच्या आठवड्यात नोंदवायचं ठरलंय, विसरलात का?”

विसरेन कशी? अकरा वर्षं मीच ह्यांच्या मागे लागले होते. चूल वेगळी आहे, भिंत आहे, मग कागदावर का नको? त्यांचं अर्धं त्यांना देऊन टाका, जाऊ देत एकदाचे. हे आज करू, उद्या करू म्हणत राहिले. शेवटी गेल्या महिन्यात मसुदा झाला, आणि श्रेणिकभावजींनी विश्रामबागेत बंगल्याचा सौदाही करून टाकला.

“वाटणी नोंदली की कुटुंब संपलं,” आपटे म्हणाले. “कुटुंब संपलं की खातं संपलं. आणखी एक. खातं ज्याच्या हातात, त्याच्याच हातात तुमच्या कानाच्या चाव्या. आवाज किती, कुठवर, चालू, बंद. सगळं.”

“ह्यांच्या हातात होत्या?”

“होत्या की.”

ह्यांनी कधी हात लावला नव्हता. मला तर असं काही असतं हेच माहीत नव्हतं.

संध्याकाळी मी साडी बदलली आणि गल्लीतून फिरून पलीकडच्या दाराशी गेले. हात बेलवर ठेवला आणि माघारी फिरावंसं वाटलं. पण त्याच दिवशी पाखरांचा पॅक गेला होता. कडुलिंबावर साळुंक्या चोची उघडत होत्या आणि माझ्या कानात नुसती खरखर. मी बेल दाबली.

श्रेणिकभावजींनी दार उघडलं. माणूस मुळात गरीब. “वहिनी! या, या की आत,” म्हणाले आणि खुर्ची पुढं करताना अडखळले. मी सगळं सांगितलं. मध्ये थांबले नाही, थांबले असते तर रडले असते.

“एवढंच ना?” ते म्हणाले. “दादाचं खातं पुढं चालवायचं. बंगल्याचा सौदा मोडू. पद्मानं हो म्हटलं की माझं झालंच म्हणून समजा.”

पद्मजा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. केस पिकले होते तिचे. भिंतीपलीकडून माणसाचे केस ऐकू येत नाहीत.

“नाही,” ती म्हणाली.

इतक्या हळू, की भावजींना ऐकूच आलं नाही. मला आलं.

“पद्मा, गोडाऊन सगळं घे,” मी म्हणाले. “माझा हिस्सा लिहून देते. जे मागशील ते घे.”

“गोडाऊन नको मला.”

“मग त्या दिवसाचा राग आहे? बोललीस तू, वेगळी झाले मी. फिटलं की.”

“बोलले होते अक्का, नाही म्हणत नाही. तेव्हा तुमचं अंथरूण-पांघरूण, औषधपाणी सगळं मी करत होते. मांडीवर पोर. दमले होते, निघालं तोंडातून. त्याची माफी मागायला अकरा वर्षं तुमच्या दाराशी येत होते आणि परत जात होते.” तिचा आवाज अजूनही तितकाच हळू. “पण मी नाही म्हणतेय ते त्यामुळं नाही. मला इथं राहायचं नाही. मला तुमच्या कानापासून लांब जायचंय.”

“माझ्या कानानं तुझं काय वाकडं केलं?”

“मी कशी बोलतेय आता? ऐका ना. कशी बोलतेय?”

“हळू.”

“माझ्या घरात मी असंच बोलते. सगळेच बोलतो. आमच्या स्वरूपाच्या शाळेतल्या बाईंनी बोलावून विचारलं, पोरगी तोंडातल्या तोंडात का पुटपुटते, घरी कुणी मारतं का? काय सांगू त्यांना? नवऱ्याशी काही बोलायचं असलं की मी रिकामा मिक्सर लावते, अक्का. रिकामा! माझी आई गेली तेव्हा उशीत तोंड खुपसून रडले मी. तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून.”

तिच्या आईच्या वेळी मी ह्यांना म्हटलेलं मला आठवलं, बघा, आई गेली तरी बाईच्या डोळ्यात टिपूस नाही.

“विश्रामबागच्या घरात मी पहिल्या दिवशी दारात उभी राहून ओरडणार आहे,” पद्मजा म्हणाली. “काहीही. नुसतं ओरडणार आहे.”

मी तशीच उठले आणि घरी आले.

मग दिवस भराभर गेले. वाटणीपत्राची नोंदणी आपट्यांनी महिनाअखेरीपर्यंत लांबवली. गर्दीचा पॅक गेला आणि यार्डात मला माणूस आणि ट्रक वेगळा कळेना. अडतीवर हमालांनी काही विचारलं तर मी उगाच मान हलवायची. एकानं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा हात झटकून निघून गेला. रात्री आरशासमोर उभी राहून मी माझंच नाव घेऊन बघायची, अजून शब्द सुटे आहेत ना, म्हणून. भीती वाटत होती. लपवू कशाला, रडत होते मी.

दूरचा पॅक कंपनीनं शेवटी काढायचा ठेवला होता. एका दुपारी मी भिंतीशी जाऊन बसले. अकरा वर्षं आपोआप ऐकू यायचं ते ऐकत होते, त्या दिवशी मुद्दाम कान लावला. मिक्सर चालू झाला. त्याच्या घरघरीखाली दोन माणसं कुजबुजत होती. भावजी म्हणत होते, “वहिनींचं काय होईल?” पद्मजा म्हणाली, “मला माहिताय काय होईल. मी चार वर्षं बघितलंय.” मिक्सर फिरत राहिला. असल्या रिकाम्या यंत्राआड एक बाई आपल्याच घरात नवऱ्याशी बोलते, आणि तिथं मी भिंतीला कान लावून बसले आहे! माझीच मला किळस आली. मी उठले, चप्पल घातली.

या वेळी बेल वाजवली नाही. दार ढकलून थेट स्वयंपाकघरात गेले आणि मिक्सरचं बटण बंद केलं.

“पद्मा, खातं भावजींच्या नावावर होईल. चाव्या त्यांच्या हातात. ते त्या तुझ्या हातात देऊ शकतात, आपट्यांना विचारलंय मी. मला कुठवर ऐकू यावं, ते तू ठरव.”

ती बघत राहिली. “म्हणजे?”

“म्हणजे हाताच्या अंतरापुरतं ठेव. समोर उभ्या राहिलेल्या माणसाचं तेवढं ऐकू येऊ दे. भिंतीपलीकडचं नको, गल्लीतलं नको. यार्डातलंही नको, अडत भावजी बघतील. मग तू इथं राहूनही ओरड की. दारात ओरड, गच्चीवर ओरड.”

“आणि उद्या आपलं भांडण झालं, मी रागावले, आणि शून्यावर नेलं तर?”

“तर ने.”

“अक्का, डोकं फिरलंय का तुमचं?”

“दुसरं काय आहे माझ्याकडं द्यायला?” मी म्हणाले आणि मला रडू फुटलं, तिच्याच ओट्याशी. “तुझ्या हातात देते. पुन्हा त्या खड्ड्यात एकटी नको टाकूस मला, पद्मा. हे पण नाहीत आता.”

तिनं मला पाणी दिलं. ते घेऊन मी घरी आले. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी सकाळी कंपनीचा पडताळणीवाला पडद्यावर यायचा होता. आपट्यांनी टॅब्लेट माझ्या हॉलमध्ये टेबलावर उभा केला. भावजी आले, सोफ्यावर बसले. पद्मजा आली नाही. पडताळणीवाला आला, त्यानं नावं वाचली, कर्त्याचा चेहरा तपासला, ह्यांच्या निधनाबद्दल पाठ केलेलं वाक्य म्हटलं. पडद्यातला आवाज मला खरखरीतून तुकड्यातुकड्यानं कळत होता. आपटे शेजारी बसून पुन्हा सांगत होते.

“सदस्य पद्मजा शेडबाळे?”

भावजी दाराकडे बघत होते. मी पण.

“सदस्य उपस्थित नसतील तर अर्ज रद्द होतो. पुन्हा करता येणार नाही, मुदत आज संपतेय.”

“दोन मिनिटं थांबा हो,” आपटे म्हणाले.

मी उठले आणि भिंतीकडे तोंड करून हाक मारणार होते. पण काय म्हणणार? ये, आणि आयुष्यभर इथंच राहा? तेवढ्यात ती आत आली. हात ओले, पदराला पुसत.

“आले, आले. कुठं पळून जात नाही मी. विचारा काय विचारायचं ते.”

“आपण सर्व एकाच घरात राहता?”

“राहतो.”

“स्वयंपाक एकत्र?”

आपट्यांनी खाली बघितलं. हा प्रश्न असेल असं त्यांनी सांगितलं नव्हतं.

पद्मजानं माझ्याकडे बघितलं. “मी अकरा वर्षं रोज काय शिजवते,” ती पडद्याला म्हणाली, “ते अक्कांना पानं वाढायच्या आधी माहीत असतं. आणखी किती एकत्र पाहिजे?”

पडताळणीवाल्याला काय कळलं देव जाणे. त्यानं खूण केली.

“कुटुंब अविभक्त राहील, वाटणीचा अर्ज मागे घेतलाय, आणि या खात्याला आपली संमती आहे?”

“आहे.”

“सदस्य राजमती यांच्या सेटिंगचे अधिकार कर्ता कुणाला देतात?”

“माझ्या बायकोला,” भावजी म्हणाले.

आणि माझ्या डोक्यात ती बाई परत आली. “पुन्हा स्वागत आहे, राजमती शेडबाळे!” आणि एकदम सगळं उघडलं. कडुलिंबावरच्या साळुंक्या, यार्डातल्या टेम्पोची पिपाणी, जैन बस्तीतली घंटा, कुणाच्या तरी गच्चीवर कपडे झटकल्याचा आवाज. पंखा कुरकुरत होता. भावजी खोकत होते. मी दोन्ही हात तोंडावर धरले. इतकं सगळं होतं, आणि मी ते रोज नुसतं वापरलं होतं.

पद्मजानं टॅब्लेट हातात घेतला. पडद्यावर एक आडवी पट्टी होती आणि तिच्यावर निळा ठिपका. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“करू?”

“कर. विचारतेस काय?”

तिनं ठिपक्यावर बोट ठेवलं. मी डोळे मिटले नाहीत, तिच्या बोटाकडेच बघत राहिले. ठिपका सरकला आणि टेम्पो गेला. घंटा गेली. साळुंक्या गेल्या. मग पंखा. सोफ्यावर भावजींची मान खोकल्यानं हलत होती, आवाज नव्हता. ठिपका शून्याच्या तोंडाशी आला. तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्या वेळी तिनं एक टिचकी मारली असती, तर कुणी तिला दोष दिला नसता, निदान मी तरी नाही.

बोट उचललं गेलं.

“येतंय का ऐकू?”

“येतंय.”

ती एक पाऊल मागं सरकली. ओठ हलले. काही नाही. ती पुन्हा पुढं आली. “आणि आता?”

“आता येतंय.”

“बरं,” ती म्हणाली. “मग जाते. चुलीवर दूध आहे.”

ती गेली. भावजी गेले, आपटे गेले. मी मागच्या व्हरांड्यात आले. तिथून पलीकडच्या स्वयंपाकघराची खिडकी दिसते. पद्मजानं ती सताड उघडली होती. फोन हातात धरून ती कुणाशी तरी बोलत होती. हात वर करून, तोंड भलं मोठं उघडून, गळ्याच्या शिरा ताणून. मग मान मागं टाकून हसली. शेजारी भावजी ओट्याला टेकून पोट धरून हसत होते. माझ्यापर्यंत काही म्हणजे काही आलं नाही.

माझंच काहीतरी सांगत असणार. दुसऱ्या कशाला एवढे हसतील? मी खुर्ची ओढून घेतली आणि बघत बसले.